गोळी कुणासाठी?

तासगावात माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहून मला २७ वर्षं झाली. या काळात हातून झालेल्या चुकांपैकी एक आज सगळ्यांसमोर सांगते, कारण तीच चूक या क्षणीही कुठल्या तरी दुकानात, कुठल्या तरी घरात होत असेल.

जुलैतली संध्याकाळ होती. पाऊस लागून राहिला होता आणि दुकानात सर्दी-तापाच्या गिऱ्हाइकांची रीघ होती. आमच्या मागच्या गल्लीतली, आठवीत शिकणारी एक मुलगी छत्री मिटत पायरी चढून आली. "काकू, तापाच्या दोन गोळ्या द्या की," म्हणाली. मी पट्टीतून पॅरासिटामॉल ५०० च्या दोन गोळ्या कात्रीनं कापून दिल्या, सुटे पैसे घेतले आणि पुढच्या माणसाची चिठ्ठी हातात घेतली. ताप कुणाला आलाय, एवढंही विचारलं नाही.

रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढलं होतं, तेव्हा ती आईला घेऊन परत आली. आईच्या हातात बाजाराची पिशवी होती. ती तिनं अलगद काउंटरवर ठेवली. आत टॉवेलात गुंडाळलेली त्यांची मांजर, मनी. दोन दिवस तिनं काही खाल्लं नव्हतं, अंग भाजत होतं, म्हणून अर्धी गोळी दुधात विरघळवून चमच्यानं पाजली होती.

मी टॉवेल बाजूला केला. मनीचं तोंड सुजून गोल झालं होतं, डोळे जेमतेम उघडत होते. पुढचे दोन्ही पंजे पुरीसारखे फुगले होते. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार लोंबत होती आणि श्वास इतका भरभर चालला होता की बरगड्या मोजता आल्या असत्या. अंगठ्यानं ओठ वर केला. मांजराच्या हिरड्या गुलाबी असतात. मनीच्या हिरड्या काकवीच्या रंगाच्या झाल्या होत्या.

पशुवैद्यांना फोन लावला. ते एका वस्तीवर अडलेल्या गाईपाशी होते. पॅरासिटामॉल दिल्याचं ऐकल्यावर ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "थांबू नका, सांगलीला न्या." त्या पावसात रिक्षा मिळेपर्यंत साडेदहा वाजले. तासगाव ते सांगली २५ किलोमीटर. मनी वाटेतच गेली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती मुलगी आली. तिनं उरलेली दीड गोळी कागदासकट काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "काकू, या गोळ्या खराब होत्या का?"

गोळ्या खराब नव्हत्या. त्यांची मुदत संपायला दीड वर्ष बाकी होतं. त्याच पट्टीतल्या गोळ्यांनी त्या आठवड्यात अर्ध्या गल्लीचा ताप उतरवला होता. तिला काय सांगावं ते मला त्या दिवशी कळलं नाही, कारण मलाच पुरतं ठाऊक नव्हतं. नंतर मी डॉक्टरांना विचारलं, पुस्तकं आणून वाचली. जे समजलं ते आज इथे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, मनीला ताप होता की नव्हता हे कुणीच पाहिलं नव्हतं. माणसाच्या अंगाचं तापमान साधारण ९८.६ अंश फॅरनहाइट असतं. कुत्र्यामांजराचं निरोगी अंग १०१ ते १०२.५ अंशांवर असतं. म्हणजे आपला हात त्यांच्या पोटावर ठेवला की तो प्रत्येक वेळी सांगणार, अंग गरम आहे. ठणठणीत मांजरही आपल्या हाताला तापलेलंच लागतं. त्यात ते मलूल असलं की आपली खात्रीच पटते. नाक ओलं की कोरडं, कान गरम की गार, या खुणांवरही विसंबता येत नाही. ताप कळतो तो थर्मामीटर गुदद्वारात धरूनच, आणि ते काम एकदा डॉक्टरांकडून समोर उभं राहून शिकून घ्यावं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मांजर म्हणजे आकारानं लहान माणूस नव्हे. आपलं यकृत पॅरासिटामॉल एका विशिष्ट रासायनिक वाटेनं बांधून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात ही वाट जवळजवळ बंद असते. मग औषध दुसऱ्या वाटेला वळतं आणि तिथे त्याचं विष बनतं. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतं. रक्त तपकिरी पडतं, प्राणवायू वाहून नेणं त्याला जमत नाही. मांजर भरभर श्वास घेत असतं, छातीत हवा जात असते, तरी शरीर गुदमरत राहतं. हिरड्यांचा काकवीसारखा रंग त्या रक्ताचा होता.

हिशेब करून पाहा. ६० किलोचा माणूस ५०० ची एक गोळी घेतो तेव्हा त्याला किलोमागे ८ मिलिग्रॅमच्या आसपास औषध मिळतं. मांजराचं वजन तीन-चार किलो. त्याला अर्धी गोळी दिली तर किलोमागे ६० ते ८० मिलिग्रॅम होतात. "अर्धीच तर दिली" हे वाक्य मी नंतर कितीदा तरी ऐकलं आहे. मांजराच्या बाबतीत पॅरासिटामॉलचा सुरक्षित डोस असा नाहीच. अर्धी नको, पाव नको, बाळाच्या ड्रॉप्सचा एक थेंबही नको.

याला उतारा आहे, तो लगेच मिळाला तर. ॲसिटिलसिस्टीन नावाचं औषध पशुवैद्य अशा वेळी देतात. तेच औषध माणसाचा कफ पातळ करायला पाण्यात फसफसणाऱ्या गोळीच्या रूपात मिळतं. मनी काउंटरवर पडली होती तेव्हा त्या गोळ्यांची डबी माझ्या मागच्या फळीवर होती. माणसाला पॅरासिटामॉल जास्त झालं की दवाखान्यात हेच देतात, हे मी शिकलेली होते. मांजराशी त्याचा संबंध मला माहीत नव्हता आणि माहीत असता तरी मांजराला ते किती आणि कसं द्यायचं हे ठरवणं डॉक्टरांचं काम. पण मी फोनवर निदान त्याचं नाव तरी काढलं असतं.

आता मला जे मागायचं आहे त्याकडे येते.

जनावरांच्या औषधाचा कुठलाही खोका हातात घेऊन बघा. त्यावर एका पाळीव जनावराच्या डोक्याचं चित्र असतं आणि लिहिलेलं असतं, माणसांसाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी. कायद्यानंच ते छापावं लागतं. माणसाला जनावराचं औषध जाऊ नये याची काळजी आपण घेतली. उलट दिशेनं मात्र रस्ता मोकळा ठेवला. पॅरासिटामॉलच्या पट्टीवर यकृताबद्दलचा इशारा असतो, तोही माणसाच्या यकृताबद्दल. ज्या प्राण्याला ती हमखास घातक आहे आणि जो लाखो घरांत त्याच गोळीच्या डब्याशेजारी झोपतो, त्याच्याबद्दल एक शब्दही नसतो.

असा शब्द छापता येत नाही असंही नाही. गिधाडांची गोष्ट आठवा. आमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात गिधाडांचा थवा उतरायचा. मग गिधाडं दिसेनाशी झाली. नव्वदच्या दशकापासून देशातल्या गिधाडांच्या तीन जाती ९० टक्क्यांहून अधिक घटल्या. कारण शोधायला बराच काळ गेला. अखेर २००४ मध्ये सिद्ध झालं की गाईबैलांना दुखण्यावर दिलेलं डायक्लोफिनॅक त्यांच्या मढ्यात राहतं आणि ते मांस खाल्लेल्या गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं. आपण गुडघेदुखीला घेतो तेच हे डायक्लोफिनॅक. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तरी लोक माणसांच्या बाटल्या गोठ्यात नेत राहिले, तेव्हा माणसांच्या डायक्लोफिनॅकवर "जनावरांसाठी नाही" असं छापायला लावलं, पुढे इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्याही बंद केल्या. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफिनॅकवरही जनावरांसाठी बंदी घातली गेली. एका शरीराला मानवणारं औषध दुसऱ्या शरीराला मारतं, हा धडा या देशानं गिधाडं गमावून शिकला आहे आणि त्यासाठी लेबल बदलूनही दाखवलं आहे.

मग पॅरासिटामॉलच्या पट्टीवर एक ओळ का नको? "मांजराला देऊ नये, जीव जातो." मराठीत, हिंदीत, ज्या त्या भाषेत. अक्षर ओळखता न येणाऱ्यांसाठी मांजराच्या चित्रावर लाल फुली. कंपनीला यासाठी नवं यंत्र लागत नाही, सरकारला पैसा लागत नाही. पट्टीवर जागा आहे. माझ्या दुकानातल्या पट्ट्यांवर कंपन्यांची नावं अंगठ्याएवढ्या अक्षरांत छापलेली आहेत.

कुणी म्हणेल, औषधविक्रेत्यानं विचारावं, त्यासाठीच त्याला परवाना दिलाय. बरोबर आहे आणि मी त्या दिवसापासून विचारते. गोळी कुणासाठी? मोठ्यांसाठी की लहानांसाठी, आणि लहान म्हणजे किती वर्षांचं? या एका प्रश्नानं जे बाहेर आलं त्यानं माझे डोळे उघडले.

कुत्रा लंगडतोय म्हणून माझ्याकडून आयबुप्रोफेन नेणारे होते. कुत्र्याच्या पोटात त्यानं जखमा होतात, काळी पातळ शी होऊ लागते आणि मूत्रपिंडही जातं. मांजराच्या खरजेला माणसाचं परमेथ्रिनचं मलम लावणारे होते. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायचं जे औषध मिळतं, त्यातल्या काहींत हेच परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला त्यानं झटके येतात. घरात दोन्ही प्राणी असतील तर कुत्र्याला लावलेलं मांजर चाटून घेतं, हे लक्षात ठेवायला हवं. आजोबांची मधुमेहासाठीची शुगर-फ्री चघळायची गोळी कुत्र्याला खाऊ म्हणून टाकणारा नातू होता. तसल्या गोळ्यांत कधी झायलिटॉल असतं, त्यानं कुत्र्याची साखर अर्ध्या तासात धोक्याइतकी खाली येते. आणि मागच्या वर्षीची चिठ्ठी घेऊन "तीच गोळी द्या, तेव्हा गुण आला होता" म्हणणारे तर रोजच. डॉक्सिसायक्लीन हे गोचिडतापावरचं चांगलं औषध, पण तेच कोरडं मांजराच्या घशात ढकललं तर अन्ननलिकेला चिकटून ती भाजून निघते. सोबत पाणी पाजावं लागतं, हे त्या जुन्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

यातलं एकही माणूस निर्दय नव्हतं. सगळे आपल्या जनावराच्या मायेपोटीच आले होते. मी त्यांना दोष देत नाही, कारण ते माझ्याकडे का येतात हे मला ठाऊक आहे. मेडिकल रात्री दहापर्यंत उघडं असतं. तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाईम्हशींसाठी आहे, शेळ्यामेंढ्यांसाठी आहे आणि ते योग्यच आहे, कारण त्यांच्यावर घरं चालतात. तिथला डॉक्टर दिवसभर मोटारसायकलवर असतो. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाची गाडी येते, तीही मुख्यतः गोठ्यासाठी. मुंबईत परळला जनावरांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे, महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सनं २०२४ मध्ये कुत्र्यामांजरांसाठी मोठं रुग्णालय सुरू केलं. त्याचा मला आनंद आहे. पण तासगावातल्या बाईनं मांजर पिशवीत घालून जायचं कुठे?

म्हणून माझी दुसरी मागणी. प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्यातली एक दुपार कुत्र्यामांजरांसाठी ठेवा. बाजाराचाच दिवस धरा, वाड्यावस्त्यांवरची माणसं तालुक्याला आलेली असतात. वार आणि वेळ दारावर रंगवून लिहा. त्या दुपारी लस, जंताचं औषध आणि साधी तपासणी झाली तरी पुष्कळ.

लशीबद्दल सांगायलाच हवं, कारण तिथे मी चूक पाहते ती वेगळ्या जातीची. विकत घेतलेली लस लोक खिशात घालून नेतात, नाहीतर घरी जाऊन फ्रीझरमध्ये ठेवतात. बर्फात ठेवली म्हणजे जास्त टिकेल असं त्यांना वाटतं. लस २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची असते. उन्हात ती जशी मरते, तशी रेबीजची लस गोठली तरी बिघडते. बाटलीकडे पाहून ते कळत नाही. कुत्र्याला सुई टोचली जाते, वहीत तारीख पडते आणि संरक्षण मात्र मिळालेलं नसतं. थर्मासमध्ये, बर्फाच्या पिशवीला थेट न चिकटवता, कागदात गुंडाळून न्यावी. त्याहून चांगलं म्हणजे जिथे फ्रिज आहे तिथेच जाऊन टोचून घ्यावी.

कुत्र्याच्या पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर पार्व्हो आणि डिस्टेंपर या आजारांवरची पहिली लस, मग सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. "एकदा दिली की, परत कशाला?" असं लोक विचारतात. आईच्या चिकातून पिल्लाला जे संरक्षण मिळतं ते काही आठवडे टिकतं आणि तोवर ते लशीलाही काम करू देत नाही. ते नेमकं कुठल्या आठवड्यात ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं निराळं, म्हणून लस पुन्हा पुन्हा द्यायची. मधली एक चुकली आणि त्याच फटीत पार्व्हो शिरला तर रक्ताची हगवण लागते आणि पिल्लू दोन-तीन दिवसांत सुकून जातं. ज्या घरात असं पिल्लू गेलं, तिथे पुढचं पिल्लू लगेच आणू नका. तो विषाणू अंगणात, फरशीच्या भेगांत कित्येक महिने जिवंत राहतो. साध्या फिनेलवर विसंबू नका, ब्लीचच्या पाण्यानं धुवा.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग वर्षानं, आणि पुढे दरवर्षी. मांजरालाही. आमचं मांजर घराबाहेर जात नाही म्हणणाऱ्यांच्या गच्चीवर मी दुसऱ्याचे बोके पाहिले आहेत. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, जनावरही वाचत नाही. चावल्यावर किंवा ओरखडलं तरी पहिलं काम म्हणजे साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुणं, घड्याळ लावून. चुना नाही, हळद नाही, मिरची नाही. मग लगेच दवाखाना. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती लोक अजून सांगतात. ती जुनी लस वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता दंडात चार-पाच वेळा सुई घ्यावी लागते. शेजारच्या गोव्यात घरोघर जाऊन आणि रस्त्यावर जाळ्या घेऊन कुत्र्यांना लस दिली गेली, शाळाशाळांतून मुलांना शिकवलं गेलं आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रित म्हणून जाहीर झालं. आपल्या कुत्र्याला दिलेली ही लस कुणासाठी, असं मला विचारलंत तर मी सांगेन, अंगणात खेळणाऱ्या मुलांसाठीही.

आमच्या भागाचं म्हणून एक वेगळं सांगते. तासगावात बेदाणा कुठल्या घरात नाही? शेडवर रॅकवर द्राक्षं वाळतात, बायका बसून बेदाणा निवडतात, खाली सांडलेला कुत्री वेचून खातात. "आमची कुत्री बेदाणा खाऊनच वाढलीत," असं मला शेडवरच्या बायका सांगतात. त्या खोटं बोलत नाहीत. काही कुत्र्यांना काहीच होत नाही. पण दुसऱ्या एखाद्या कुत्र्याचं मूत्रपिंड मूठभर बेदाण्यानं दोन-तीन दिवसांत बंद पडतं. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल याला कारण असावं असं तज्ज्ञ मानतात. चिंचेतही तेच आम्ल भरपूर असतं. कुत्रं बेदाणा खाऊन उलट्या करू लागलं की लघवी थांबायची वाट पाहू नका. पहिल्या काही तासांत नेलं तर पोटातलं बाहेर काढता येतं. रथोत्सवाच्या गर्दीतून घरी आणलेला प्रसाद, दिवाळीच्या फराळातला चिवडा, शिरा, सगळ्यात बेदाणा असतो. मुलांना सांगून ठेवा. कांदा-लसूण घातलेला रस्सा, चॉकलेट, शिजवलेल्या कोंबडीची हाडं, हेही तसंच.

ऑक्टोबरात छाटणी झाली की द्राक्षबागेत पेस्टिंग, म्हणजे काड्यांना औषध लावणं, सुरू होतं, मग फवारणीचे फेरे. औषध कालवलेली बादली, ब्लोअर धुतलेलं पाणी, रिकाम्या बाटल्या बांधावर तशाच पडतात. राखणीचं कुत्रं तहानेलं असतं आणि त्याला निराळं पाणी कुणी ठेवलेलं नसतं. घमेलंभर स्वच्छ पाणी सावलीत ठेवलं आणि बादली पालथी घातली तर एक जीव वाचतो. उंदराच्या औषधाचंही तसंच. ते पोटात गेल्याची शंका आली तर पाकीट सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. एका जातीच्या औषधानं रक्त गोठत नाही, त्याला व्हिटॅमिन के१ चालतं. दुसऱ्या जातीचं पोटात जाऊन विषारी वायू सोडतं, त्याचा इलाज निराळा. डॉक्टर पाकिटावरचं नाव वाचून वाट धरतात. नाव कळलं नाही तर तेवढा वेळ जातो आणि वेळच नसतो. दूध पाजू नका, मिठाचं पाणी पाजू नका.

माझ्या घरी एक गावठी कुत्री आहे आणि एक बोका. फ्रिजच्या दारावर मी एक कागद चिकटवला आहे. दोघांचं वजन, शेवटच्या लशीची तारीख, डॉक्टरांचा नंबर आणि शांत झोपेत मिनिटाला किती श्वास ते. निरोगी कुत्र्यामांजराचे झोपेतले श्वास मिनिटाला तिसाच्या आत असतात. महिन्यातून एकदा मी ओठ वर करून हिरड्या बघते, त्या गुलाबीच आहेत ना हे पाहण्यासाठी. बोका मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो आणि लघवी होत नाही असं दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही, त्याच रात्री निघायचं, हे घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. बोक्याचा मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. मांजर दुखणं लपवतं. त्यानं दोन दिवस अन्न सोडलं याचा अर्थ ते बरंच आधीपासून आजारी आहे. मनीनंही दोन दिवस खाल्लं नव्हतं. तिला मुळात काय झालं होतं हे कधीच कळलं नाही, कारण आमच्या गोळीनं तेवढा अवधीच ठेवला नाही.

परवा एक गृहस्थ दुकानात आले. पॅरासिटामॉलची पट्टी मागितली. मी सवयीनं विचारलं, "दादा, गोळी कुणासाठी?" ते म्हणाले, "घरच्या मांजराला. अंग तापलंय." मी गोळी दिली नाही. काय होतं ते सांगितलं, सांगलीतल्या दवाखान्याचा नंबर कागदावर लिहून दिला. त्यांनी कागद खिशात घातला, "एका गोळीसाठी एवढं काय ताई," म्हणाले आणि पायरी उतरून गेले. मी काउंटरवर वाकून पाहत राहिले. ते चार दुकानं पुढे गेले आणि दुसऱ्या मेडिकलच्या पायरीवर चढले. मी धावत जाऊन त्या दुकानदाराला खूण केली, तेव्हा कुठे ते थांबलं.

पण दर वेळी मी धावू शकणार नाही. ही गोळी हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावात किराणा दुकानातही परवान्याविना विकायला मुभा आहे. तिथे मिठासाबणाच्या शेजारी ती टांगलेली असते आणि विचारणारं कुणी नसतं. माझा प्रश्न माझ्या काउंटरपुरता आहे. पट्टी मात्र गावोगाव, घरोघर जाते. त्या मुलीनं मला विचारलं होतं, गोळ्या खराब होत्या का. तिला देण्याजोगं उत्तर त्या पट्टीवरच छापलेलं असायला हवं होतं, तिनं ती फोडण्याआधी वाचता येईल अशा अक्षरांत. सरकारनं ते छापायला लावावं. तोवर माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती, पट्टीला कात्री लावण्याआधी दोन शब्द विचारा.